नवा साऊंड घेण्याआधी देवळाची कोठी उघडा

देवगड तालुक्यातल्या एका वाडीच्या भजन मंडळाचा प्रश्न थोडक्यात असा. बुवा, पखवाज, तबला, बेंजो, झांज आणि कोरस धरून मंडळात अकरा जण. वाडीतून आणि मुंबईकरांकडून मिळून सव्वा लाखाची वर्गणी जमली आहे. देवळाचा सभामंडप आणि समोरचे अंगण मिळून तीनेकशे माणसे बसतात. मागच्यांना बुवांचे शब्द कळत नाहीत, माईक सारखा शिट्टी मारतो आणि बेंजो 'गोणपाटाआडून वाजल्यासारखा' ऐकू येतो. तर १५ इंची पॉवर्ड टॉपची, म्हणजे पोटातच अँप्लिफायर असलेल्या स्पीकरची, जोडी घ्यावी, की हल्ली मिळतो तो उभा कॉलम सेट, म्हणजे एकावर एक रचलेल्या छोट्या स्पीकरचा खांब? आणि शेवटी सहज लिहिलेली एक ओळ: 'जुना २५० वॅटचा अँप्लिफायर आणि दोन कॉलम आहेत, पण ते आम्ही धरत नाही.'

माझे उत्तर त्या शेवटच्या ओळीपासून सुरू होते. ते का धरत नाही?

कुडाळात राहून मी सत्तावीस वर्षे साऊंड लावतो आहे. डबल बारी (दोन बुवांचा भजनाचा सामना), दशावतार, नमन, शाळांची गॅदरिंग, लग्ने, सगळे केले. या काळात मंडळांनी खरेदीआधी मला विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा हवी ती वस्तू त्यांच्याकडे आधीच होती. कोणी लपवून ठेवलेली नव्हती. ती वेगळ्या नावाने, वेगळ्या घरात पडून होती, एवढेच. अँप्लिफायर आणि कॉलम हे 'देवळाचे', म्हणजे सूचना सांगायला. कीबोर्डचा अँप 'पोराचा'. कोरोनात फेसबुक लाइव्हसाठी घेतलेला छोटा डबा 'मोबाईलचा'. मंडळाच्या वहीत यातले काहीच नाही, म्हणून खरेदीला बसल्यावर कोणाला आठवत नाही.

तेव्हा दुकानात फोन करण्याआधी एक रविवार काढा. सभामंडपात दोन चटया अंथरा आणि देवळाच्या कोठीतले, माळ्यावरचे, अकराही जणांच्या घरातले जे काही आवाजाशी संबंधित आहे ते सगळे आणून मांडा. तुटलेला स्टँड, एका टोकाला जॅक नसलेली वायर, माईकच्या रिकाम्या पेट्यासुद्धा. मुंबईला असलेल्यांना विचारा, त्यांनी गणपतीत आणून इथेच ठेवलेले काहीतरी निघतेच. मग प्रत्येक वस्तूवर चिकटपट्टी लावून दोनच गोष्टी लिहा: यात काय आत जाते आणि यातून काय बाहेर येते. वस्तू कशासाठी घेतली होती ते लिहू नका. ते लिहिले की ती पुन्हा जुन्या नावाच्या कप्प्यात जाते.

आता तुमच्या कॉलमकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे असे मला वाटते.

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका मंडळाकडे मी असाच गेलो होतो. त्यांचेही म्हणणे हेच: कॉलम जुने झाले, आवाज देत नाहीत. कोठीत पालखीच्या छत्रीमागे दोन्ही उभे होते. एकाच्या जाळीत कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले, दुसऱ्याच्या वायरीवर हिरवे जंगाल चढलेले. पुसून बाहेर काढले, मागचे चार स्क्रू सोडवले. आत चार चार स्पीकर, सगळे शाबूत, कागदाला एकही चीर नाही. आणि तळाशी मुठीएवढा एक ट्रान्सफॉर्मर. त्यावरून निघालेल्या वायरी मागच्या पट्टीवर आलेल्या, तिथे ५, १०, २० वॅट असे आकडे. ते पाहिले आणि मी अँप्लिफायरच्या मागे गेलो. कोणीतरी कधीतरी कॉलमच्या वायरी ४ ओहमच्या टर्मिनलला लावल्या होत्या आणि वर्षानुवर्षे त्या तिथेच होत्या.

हे नीट समजून घ्या, कारण तुमच्याकडेही असेच असण्याची शक्यता खूप आहे. पीए, म्हणजे सभा-सूचनांसाठीच्या, अँप्लिफायरच्या पाठीमागे स्पीकरसाठी दोन जातीची टर्मिनल असतात. ४, ८, १६ ओहम असे लिहिलेली साध्या स्पीकरसाठी. ७० आणि १०० व्होल्ट असे लिहिलेली 'लाईन'साठी, म्हणजे ज्याच्या पोटात ट्रान्सफॉर्मर आहे अशा कॉलमसाठी किंवा भोंग्यासाठी. २५० वॅटच्या अँप्लिफायरच्या ४ ओहमच्या टर्मिनलवर पूर्ण जोरातसुद्धा साधारण ३२ व्होल्ट येतात. कॉलमला हवेत १००. व्होल्टेज तिसऱ्या हिश्शाला आले की ताकद दहाव्या हिश्शाला येते, म्हणजे २० वॅटचा कॉलम २ वॅटवर चालतो. कानाला तो जवळजवळ निम्म्या आवाजाचा वाटतो. मग माणसे व्हॉल्यूम वाढवतात, अँप्लिफायर फाटल्यासारखा वाजायला लागतो आणि दोष कॉलमच्या वयाला लागतो. त्या दिवशी वायरी १०० व्होल्टच्या टर्मिनलला लावल्या, कॉलमची पट्टी २० वॅटवर घेतली. बुवांनी पेटीवर नुसता सूर धरला आणि 'रामकृष्णहरी' म्हटले, तर तळ्याकडे कपडे धूत असलेल्या बायका वर बघायला लागल्या.

उलटी चूक मात्र महाग पडते, म्हणून तीही सांगतो. पोटात ट्रान्सफॉर्मर नसलेला साधा ८ ओहमचा स्पीकर १०० व्होल्टच्या टर्मिनलला लावू नका. जोर वाढवताच तो अँप्लिफायरकडे हजार वॅटच्या वर मागायला लागतो. स्पीकर जळेल किंवा अँप्लिफायर, बहुधा दोन्ही. म्हणून आधी मागची पाटी वाचा. पाटी गेली असेल तर उघडून ट्रान्सफॉर्मर आहे का बघा. आणि लाईनवर लावलेल्या सगळ्या कॉलमच्या वॅटची बेरीज अँप्लिफायरच्या वॅटपेक्षा कमी ठेवा. तुमचे दोन कॉलम २०-२० वॅटचे असले तर २५० वॅटच्या अँप्लिफायरवर ते अगदी निवांत चालतील, आणखी चार लावायलाही जागा उरेल.

दुसरी तपासणी एका सेलची आहे. कॉलम उघडलाच आहे तर भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढा. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे, थेट स्पीकरच्या दोन पानांना, म्हणजे वायर जोडायच्या पत्र्यांना, सेलची दोन टोके क्षणभर टेकवा. 'टक्' असा आवाज येईल आणि कागद हलेल. सेलची अधिक बाजू स्पीकरच्या अधिक खुणेला असेल तर कागद पुढे यायला हवा. चारही स्पीकर एकाच दिशेने हलतात का ते बघा. एखादा उलटा जोडलेला असेल तर तो बाकीच्यांचा आवाज खातो, विशेषतः खालचे सूर. दोन कॉलम एकमेकांशी उलटे असतील तर मधोमध बसलेल्या माणसाला आवाज पोकळ, बिनबुडाचा ऐकू येतो. हे दुरुस्त करायला एक पैसा लागत नाही, दोन वायरींची अदलाबदल.

आणि कॉलम उभाच लावा. खांबाला आडवा बांधलेला कॉलम मी इतक्या देवळांत पाहिला आहे की आता जीपमध्ये सुंभाची गुंडाळीच ठेवतो. कॉलममध्ये स्पीकर एकावर एक रचलेले असतात ते उगीच नाही. उभा असताना तो आवाज डावी-उजवीकडे पसरवतो आणि वर-खाली आवरतो, म्हणजे छपराकडे आणि जमिनीकडे कमी, माणसांकडे जास्त. आडवा केला की हे सगळे उलटे होते. तुम्ही ज्या नव्या उभ्या कॉलम सेटबद्दल विचारता आहात त्याच्यामागचे तत्त्व हेच. तो सेट चांगला असतो, मी नाही म्हणत नाही. पण त्याचा सख्खा आजोबा तुमच्या कोठीत उभा आहे आणि बोललेले शब्द पोचवणे हेच त्याचे काम होते. तुमची तक्रारही शब्दांचीच आहे.

आता शिट्टी. इथे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात.

मंडळे म्हणतात, आवाज वाढवला की माईक शिट्टी मारतो, म्हणून जास्त वॅटचा साऊंड हवा. पण जास्त वॅटचा साऊंडही त्याच जागी शिट्टी मारेल. शिट्टी येते ती स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरतो म्हणून, आणि त्याला उत्तर आहे माईक तोंडाजवळ आणणे. माईकचे अंतर निम्मे केले की त्यात शिरणारा तुमचा आवाज ६ डेसिबलने वाढतो. बुवा पेटीवर बसून गातात तेव्हा माईक बहुतेक वेळा फूटभर लांब असतो, कारण स्टँड पेटीच्या पलीकडे ठेवलेला असतो. तो चार बोटांवर आणा. फुटाचे अर्धे आणि अर्ध्याचे अर्धे, म्हणजे १२ डेसिबल. एवढाच फरक वॅट वाढवून मिळवायचा तर सोळा पट लागतात. २५० वॅटचे ४,००० वॅट. सव्वा लाखात ते मिळणार नाहीत आणि मिळाले तरी शिट्टी तशीच राहील. यासाठी हवा एक आडव्या दांड्याचा स्टँड, ज्याला आपण बूम म्हणतो, जो बाजूने येऊन पेटीवरून थेट बुवांच्या ओठांसमोर थांबेल.

बुवांना इतका जवळ माईक आवडत नाही, हे मला माहीत आहे. जवळ आला की आवाज जाड होतो म्हणतात. खरे आहे, आपल्या नेहमीच्या माईकचा तो स्वभावच आहे. मिक्सरवर बासचे बटण थोडे खाली घ्या, जाडी जाईल.

माईकची संख्याही मोजा. चालू माईक दुप्पट केले की शिट्टीआधी मिळणारा जोर ३ डेसिबलने घटतो. तुम्ही अकरा माणसांना किती माईक लावता ते लिहिलेले नाही, पण सात-आठ असतील असा माझा अंदाज. झांजेला माईक नको. अजिबात नको. झांज कोणत्याही माईकमध्ये न सांगता शिरते. कोरसला चार जणांत एक माईक पुरतो, जर ती चार माणसे खांद्याला खांदा लावून बसली तर. पखवाजाला दोन असतील तर ठीक, एकच असेल तर तो धूमच्या (डाव्या) आणि शाईच्या (उजव्या) बाजूमध्ये, वीतभर अंतरावर, किंचित शाईकडे. पेटीचा माईक कुठे ठेवायचा हे कोणाच्या सांगण्यावरून ठरवू नका. बुवा वाजवत असताना एक कान बोटाने बंद करा, दुसरा कान पेटीभोवती हळूहळू फिरवा आणि जिथे सूर भरलेला पण भात्याची फुसफुस कमी ऐकू येते तिथे माईक ठेवा. प्रत्येक पेटीची ती जागा वेगळी असते.

माईक जुने आहेत म्हणून टाकू नका. साध्या डायनॅमिक माईकला म्हातारपण फार उशिरा येते. शूअरचा एसएम५८ हा १९६६ साली बाजारात आला आणि आजही जवळपास त्याच रूपात विकला जातो, यावरून काय ते समजा. जाळी चेपली असेल तर बदलून मिळते. आतला स्पंज धुता येतो: जाळी उघडून वेगळी काढा, कोमट साबणाच्या पाण्यात, सावलीत पूर्ण वाळवा. अर्ध्या तक्रारी तिथे जातात, कारण वर्षानुवर्षांची थुंकी आणि आपल्याकडची दमट हवा मिळून तो स्पंज दगडासारखा होतो आणि शब्दांची धार त्यातच अडकते. कोरसच्या पोरांना एवढे सांगा की माईक दांड्याला धरायचा, जाळीला नाही. जाळी मुठीत घेतली की माईक चहूबाजूंनी ऐकायला लागतो आणि लगेच शिट्टी येते.

बेंजोचे दुखणे वेगळे आहे आणि तुमच्या मंडळापुरते त्याचे उत्तर मला जवळजवळ नक्की दिसते. बेंजोला बसवलेला पिकअप, म्हणजे तारांचा आवाज विजेत उतरवणारा तुकडा, बहुतेक साधा, बिनबॅटरीचा असतो. त्याची ताकद इतकी नाजूक की मिक्सरच्या किंवा कीबोर्ड अँपच्या नेहमीच्या लाईन इनपुटला लावला की वरचे सूर तिथेच गळून पडतात. तेच तुमचे गोणपाट. त्याला असे इनपुट लागते जे त्याच्यावर भार टाकत नाही. दुकानदार यासाठी डीआय बॉक्स, म्हणजे असे इनपुट देणारा डबा, सांगेल आणि सांगणे चूक नाही. पण तुमच्यातल्या कोणी कोरोनात लाइव्ह भजनासाठी लहानसा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईक मोबाईलला किंवा कॉम्प्युटरला जोडायचा डबा, घेतला होता का? त्याच्या पुढच्या बाजूला बहुधा 'इन्स्ट' लिहिलेले बटण असते. ते दाबले की ते इनपुट नेमके अशाच पिकअपसाठी तयार होते. बेंजो त्यात, त्याच्या मागच्या आऊटपुटमधून वायर मिक्सरला. आधी एवढे बघा की तो इंटरफेस कॉम्प्युटर न जोडता नुसत्या मोबाईल चार्जरवर चालतो का आणि आतला आवाज थेट बाहेर देतो का. काही चालतात, काही नाही. चालला तर बेंजोचा प्रश्न फुकटात सुटला.

मालवणच्या एका बेंजोवाल्या पोराला मी हेच करून दिले तेव्हा तो वाजवायचा थांबला आणि म्हणाला, 'ह्यो आवाज माज्या बेंजोत होतो?' होता. सहा वर्षे होता. आणि तो डबा त्याच्याच घरी, टीव्हीखालच्या कपाटात होता.

मॉनिटरचे, म्हणजे गाणाऱ्यांनाच आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरचेही तसेच. मागे बसलेल्या कोरसला पेटी ऐकू येत नाही, म्हणून ते अंदाजाने गातात, सूर सरकतो, मग बुवा पेटी वाढवायला सांगतात आणि पुढच्या लोकांना फक्त पेटीच ऐकू येते. तुमच्यात कोणाकडे कीबोर्ड अँप असेल, ४० वॅटचा असला तरी चालेल, तर तो कोरसच्या पुढ्यात जमिनीवर, तोंड वर करून ठेवा. त्यात फक्त पेटी आणि बुवा सोडा. नेहमीचा कार्डिऑइड, म्हणजे समोरचे जास्त ऐकणारा, माईक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून हा अँप कोरसच्या माईकच्या बरोबर शेपटीकडे यायला हवा. गिटारचा अँप मात्र या कामाला आणू नका. तो गिटारसाठीच घडवलेला असतो, वरचे सूर कापतो, गळा त्यात घुसमटतो. होम थिएटरही नको. खोक्यावरचे हजारांतले वॅट खरे नसतात आणि स्टेजवर दोन तासांत त्याचा अंत होतो.

स्पीकर कुठे ठेवता याबद्दल तुम्ही लिहिलेले नाही, पण मी ओळखतो: पुढच्या दोन खांबांपाशी, जमिनीवर किंवा खुर्चीवर. पहिल्या तीन रांगांतली माणसे तो आवाज अंगावर झेलतात आणि अंगणात काही पोचत नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, हा निसर्गाचा नियम. तो वॅटने मोडायला गेलात तर पुढच्यांचे कान जातात आणि मागच्यांना तरी कळतच नाही. पुढे जे काही लावाल ते बसलेल्यांच्या डोक्यावरून जाईल इतके उंच करा. आणि दुरुस्त केलेले दोन कॉलम अंगणात, साधारण मध्यावर, तोंड मागे करून उभे बांधा. जोर एवढाच ठेवा की मागच्यांना शब्द उमगतील पण आवाज खांबातून येतो आहे असे वाटणार नाही. १०० व्होल्टच्या लाईनचा फायदा इथे दिसतो: तीस-चाळीस मीटर साधी वायर ओढली तरी वाटेत फारसे काही हरवत नाही.

पुढचे भाग आणि मागचे भाग असा आवाज वाटून दिला की एकूण गोंगाट कमी होतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस १२ पर्यंत सूट देते, तेवढीच. बारी रंगात येते तीच दहाच्या सुमारास. माणसांजवळ कमी आवाजात बोलणारे चार स्पीकर असले तर सूट असलेल्या रात्रीही शेजारच्या वाडीला त्रास होत नाही, आणि सूट नसलेल्या रात्री साऊंड बंद करून उरलेले भजन आत तसेच करता येते, कारण तोवर मंडळाला एकमेकांचे ऐकून गायची सवय झालेली असते. पूर्वी दशावतारी उघड्या माळावर रात्रभर बिनमाईकचे बोलत, त्यांचा गळा त्यासाठीच तयार व्हायचा. ती तयारी आपण पूर्ण सोडून द्यावी असे मला वाटत नाही.

एकोचे बटण शून्यावर आणा. रागावू नका. तुमच्या सभामंडपाला नवी लादी आणि वर स्लॅब असेल तर देऊळच पुरेसा एको देते. त्यावर मशीनचा एको चढला की मागच्या माणसाला शब्द कळणे बंद होते. जांभ्याची भिंत आणि कौलांचे छप्पर असलेल्या जुन्या मंडपात थोडा एको शोभतो, तिथेही बुवा बोलायला लागले की बंद करायचा.

जुने वापरा म्हणतो आहे, पण सगळे जुने नाही. समुद्राच्या इतक्या जवळ खारी हवा आधी सांध्यांवर बसते. जॅक, पिना, व्हॉल्यूमची बटणे. वीज बंद करून काँटॅक्ट क्लीनर मारा, बटण वीस वेळा इकडून तिकडे फिरवा, खरखर बहुधा जाते. खोबरेल तेल लावू नका, त्यावर धूळ बसून दुप्पट बिघडते. चार-पाच वर्षे बंद असलेला अँप्लिफायर थेट प्लगमध्ये लावू नका. वाडीतल्या वायरमनकडे सिरीज बोर्ड असतो, १०० वॅटच्या बल्बचा. स्पीकर न जोडता त्यावर सुरू करायला सांगा. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. लख्ख पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, पुढे जाऊ नका.

आणि विजेची वायर. तडकलेली, उंदराने कुरतडलेली, मध्येच काळी टेप गुंडाळलेली असेल ती त्याच दिवशी कापून टाका, म्हणजे परत कोणी वापरणार नाही. स्पीकरमधली घरघर जावी म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढलेली मी फार ठिकाणी पाहिली आहे. बुवांच्या ओठांना माईकचा झटका बसतो तो इथूनच. एका पावसाळी रात्री, ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला कोरसचा मुलगा माईकला चिकटताना मी पाहिला आहे. मेन स्विच माझ्या हाताशी होता म्हणून तो वाचला. त्या मंडळाकडे नवा कोरा मिक्सर होता, पण बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच ती तोडणारा स्विच, नव्हता. घरघर घालवायची तर आवाजाच्या वायरीत ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर घाला, अर्थिंगला हात लावू नका. आपल्याकडे सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, उन्हाळ्यात जमीन कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग कमजोर पडते, तेव्हा कार्यक्रमाआधी वायरमनकडून ते तपासून घ्या.

म्हणून सव्वा लाखातली पहिली खरेदी आरसीसीबी बसवलेला विजेचा चांगला बोर्ड आणि जाड तीनतारी एक्स्टेंशन. दुसरी, तीन बूम स्टँड आणि स्पीकरचे दोन उंच स्टँड. तिसरी, माईकच्या चांगल्या वायरी. चौथी, सगळे ठेवायला घट्ट झाकणाच्या दोन पेट्या आणि सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यासाठी. एवढ्याने वर्गणीचा मोठा भाग हातात उरतो. तो लगेच खर्चू नका.

हे सगळे मांडून तीन तालमी करा. प्रत्येक तालमीला एकाने अंगणाच्या शेवटच्या टोकाला बसून मोबाईलवर दहा मिनिटे रेकॉर्ड करावे, मोबाईल त्याच जागी, त्याच उंचीवर. दुसऱ्या दिवशी ज्यांना अभंग पाठ नाही अशा कोणाला तरी ते ऐकवा आणि ऐकू येतील ते शब्द लिहायला सांगा. मंडळातल्या माणसाला ऐकवून उपयोग नाही, त्याला शब्द आधीच माहीत असतात. शब्द कळत असतील पण समोरच्या भागात भरीवपणा कमी वाटत असेल, तर १२ इंची पॉवर्ड टॉपची जोडी घ्या. १५ इंचीची गरज मला दिसत नाही: गळा आणि पेटी १२ इंचीत जास्त स्वच्छ येतात आणि ते उचलून दुसऱ्या वाडीत न्यायला दोन माणसे पुरतात. त्यांच्या पाठीमागे माईकचे दोन इनपुट आणि पुढे जोडायचा आऊटपुट आहे ना, ते दुकानातच बघा. लहान बैठकीला मग मिक्सरही लागत नाही. आणि शब्दच कळत नसतील तर काही विकत घेण्याआधी मला चार गोष्टी लिहून पाठवा: बुवांच्या ओठांपासून माईकचे अंतर, चालू माईक किती, पुढचे स्पीकर जमिनीपासून किती उंच आणि कॉलमच्या वायरी अँप्लिफायरच्या कोणत्या टर्मिनलला आहेत. मागच्या बाजूचा फोटो जोडलात तर उत्तम.